तोहोकूचे ऋतूत्सव आणि ओन्सेन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या तोहोकू भागातील उत्सव आणि गरम पाण्याचे झरे, म्हणजे ओन्सेन, यांविषयी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्सवांचे प्रश्न आधी आणि ओन्सेनचे नंतर घेतले आहेत, तर अडचणीचे आणि अपवादाचे प्रश्न शेवटी आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तोहोकू म्हणजे नेमका कोणता भाग? टोकियोहून तिथे जायला किती वेळ लागतो?

जपानच्या होन्शू या मुख्य बेटाचा उत्तरेकडील भाग म्हणजे तोहोकू. आओमोरी, इवाते, आकिता, मियागी, यामागाता आणि फुकुशिमा असे सहा प्रांत त्यात येतात. बुलेट ट्रेनने टोकियोहून सेंदाईला साधारण दीड तासात आणि शिन-आओमोरीला सुमारे तीन तासांत पोहोचता येते, आकिताला मात्र पावणेचार ते चार तास लागतात. या गाड्या आरक्षित आसनांच्या असल्यामुळे उत्सवाच्या दिवसांत आरक्षण आधीच करून ठेवावे. हा भातशेतीचा आणि भरपूर बर्फाचा प्रदेश आहे, आणि पुढील बहुतेक उत्तरे या दोन गोष्टींशी जोडलेली आहेत. येथील उत्सव शेतकऱ्याच्या वर्षातून आले आणि ओन्सेनला जाऊन राहण्याची पद्धतही त्याच वर्षातून आली. म्हणून सहल आखताना दोन्ही एकत्र धरावेत, असे आम्ही आवर्जून सुचवतो.

२. ओन्सेन म्हणजे आपल्याकडच्या वज्रेश्वरी-गणेशपुरीसारखी कुंडेच ना?

पाणी जमिनीतून गरम येते एवढे साम्य आहे, कारण मात्र वेगळे आहे. कोकणपट्टीतील झऱ्यांचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते, तेथील उष्णतेने तापते आणि वर येते. त्यामागे जिवंत ज्वालामुखी नाही. तोहोकूत पॅसिफिक भूपट्ट जपानखाली सरकत असल्यामुळे ओऊ पर्वतरांगेच्या बाजूने ज्वालामुखींची माळ उभी राहिली आहे, आणि बहुतेक प्रसिद्ध ओन्सेन तिच्याच अंगाखांद्यावर आहेत. त्यामुळे थोड्या अंतरावर पाण्याचा रंग, वास आणि आम्लता बदलते. दुसरा फरक कायद्याचा आहे. जपानच्या १९४८ च्या ओन्सेन कायद्यानुसार उगमापाशी पाण्याचे तापमान किमान २५ अंश सेल्सिअस असावे लागते, किंवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा घटक पुरेशा प्रमाणात असावा लागतो. म्हणजे कायद्याने ओन्सेन ठरणारे पाणी मुळात थंडही असू शकते, आणि अशा ठिकाणी ते तापवून वापरतात.

३. तिथले सण तिथीप्रमाणे येतात की तारखेप्रमाणे?

आज तारखेप्रमाणे येतात. जपानने १८७३ पासून ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली, आणि जुन्या चांद्र पंचांगातील सण नव्या तारखांवर बसवावे लागले. सातव्या महिन्याच्या सप्तमीचा तानाबाता अनेक ठिकाणी ७ जुलैला गेला. सेंदाईने मात्र तो एक महिना पुढे ढकलून ६ ते ८ ऑगस्ट असा ठेवला, जेणेकरून ऋतू जुळावा. योकोतेचा कामाकुरा हा बर्फाच्या घुमट्यांचा उत्सव (प्रश्न ७) पूर्वी पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास होत असे, आता तो १५ आणि १६ फेब्रुवारीला होतो. अधिक मासाचा हिशेब करावा लागत नसल्यामुळे पुढच्या वर्षीची सहल आजच आखता येते.

काही उत्सवांना ठरलेली तारीख नसून ठरलेला वार असतो. ओमागारीची आतषबाजी स्पर्धा ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी असते. तारखा बदलल्याचीही उदाहरणे आहेत. फुकुशिमातील सोमा-नोमाओई हा चिलखतधारी घोडेस्वारांचा उत्सव जुलैअखेरीस होत असे. उन्हाचा त्रास माणसांना आणि घोड्यांना सोसवेनासा झाल्यामुळे २०२४ पासून तो मेअखेरीस घेतला जातो.

४. ऑगस्टमधले मोठे उत्सव कोणते, आणि एका सहलीत किती पाहता येतील?

आओमोरीचा नेबुता (२ ते ७ ऑगस्ट), आकिताचा कान्तो (३ ते ६ ऑगस्ट) आणि सेंदाईचा तानाबाता (६ ते ८ ऑगस्ट) हे तीन सर्वांत प्रसिद्ध आहेत. त्यांच्या जोडीला मोरिओकाचा सान्सा-ओदोरी (१ ते ४), हिरोसाकीचा नेपुता (१ ते ७), गोशोगावाराचा ताचिनेपुता (४ ते ८) आणि यामागाताचा हानागासा (५ ते ७) असतो. तारखा एकमेकांवर चढलेल्या असल्यामुळे ४ तारखेला आओमोरी, ५ ला आकिता आणि ६ ला सेंदाई असा क्रम सहज बसतो. एवढ्या तीनच संध्याकाळी ठरवाव्यात आणि त्यानंतर दोन रात्री डोंगरातील एखाद्या ओन्सेनला राहावे, असा आमचा सल्ला आहे. सात उत्सव सात दिवसांत उरकणाऱ्या प्रवाशाला बहुतेक वेळ स्थानकांवरच काढावा लागतो.

नेबुता पाहताना प्रथम डोळ्यांत भरतो तो आकार. तारांच्या सांगाड्यावर जपानी कागद चिकटवून, आतून दिवे लावून योद्ध्यांच्या आणि देवतांच्या आकृती केलेल्या असतात. मोठ्या नेबुताची रुंदी ९ मीटरपर्यंत आणि उंची, गाडा धरून, ५ मीटरपर्यंत असते. हिरोसाकीचे नेपुता पंख्याच्या आकाराचे असतात आणि त्यांची चाल संथ असते. गोशोगावाराचे तर २३ मीटरपर्यंत उंच, म्हणजे सात मजली इमारतीएवढे असतात. उन्हाळ्यातील कामाच्या दिवसांत अंगावर येणारी सुस्ती दिव्यांबरोबर पाण्यात सोडून देण्याच्या जुन्या प्रथेतून हे सारे वाढले, असे मानतात. आजही ७ तारखेला आओमोरीत मिरवणूक दुपारी निघते आणि रात्री निवडक नेबुता होड्यांवर चढवून आतषबाजीच्या प्रकाशात समुद्रातून फिरवतात. विसर्जन पाहत वाढलेल्या माणसाला ही रात्र परकी वाटत नाही, फक्त येथे मूर्ती बुडवत नाहीत.

कान्तोचा थाट वेगळा आहे. सुमारे १२ मीटर उंचीच्या बांबूला ४६ कंदील बांधलेले असतात आणि त्याचे वजन ५० किलोंच्या आसपास भरते. एकच माणूस तो तळहातावर, कपाळावर, खांद्यावर आणि कमरेवर तोलतो. कंदिलांचे ते झुबके भाताच्या लोंब्यांसारखे दिसावेत, हाच त्यामागचा हेतू आहे. तानाबाताची शोभा दिवसा, बाजारपेठेच्या छताखाली लटकणाऱ्या कागदी झालरींखालून चालताना पाहायची असते. रात्रीच्या मिरवणुकीची अपेक्षा ठेवून सेंदाईला गेलेल्यांची निराशा होते. आदल्या दिवशी, ५ तारखेला, तेथे आतषबाजी असते.

५. नेबुतात आम्हाला नाचता येते का?

येते, आणि प्रकृती साथ देत असेल तर अवश्य नाचावे. नेबुतापुढे उड्या मारत नाचणाऱ्यांना हानेतो म्हणतात. ठरलेला पूर्ण वेश घातला असेल, तर बाहेरच्या माणसालाही त्यांच्यात सामील होता येते. वेश शहरात भाड्याने मिळतो आणि दुकानातील मंडळी तो नेसवूनही देतात. ‘रास्सेरा, रास्सेरा’ हा घोष आणि एका पायावर दोन-दोन उड्या एवढे शिकले की पुरते. वेशाला छोटी घुंगरे लावलेली असतात. नाचताना गळून रस्त्यावर पडलेले घुंगरू सापडणे शुभ मानतात. मिरवणूक सुरू होण्यापूर्वी जमण्याच्या जागेचे आणि सहभागाचे नियम त्या-त्या वर्षी तपासावेत. अर्धा वेश चालत नाही.

६. हानागासा नृत्याच्या टोपीवरचे फूल करडईचे आहे, हे खरे का?

होय. यामागाता हा करडईच्या फुलांसाठी, म्हणजेच तेथील बेनिबानासाठी, नावाजलेला प्रांत आहे. सोलापूर आणि मराठवाड्यात रब्बीला करडई घेतात ती मुख्यतः तेलासाठी. यामागाताच्या मोगामी खोऱ्यात मात्र एदो काळापासून (सतरावे ते एकोणिसावे शतक) पाकळ्यांचे महत्त्व होते. त्यांतून काढलेला लाल रंग क्योतोला जाई आणि तेथे रेशमासाठी व ओठांच्या लालीसाठी वापरला जाई. हानागासा नृत्याचे मूळ ओबानाझावा येथील तलावाचा बांध घालणाऱ्या मजुरांच्या श्रमगीतात सांगतात. ओबानाझावा म्हणजे गिन्झान ओन्सेन (प्रश्न १०) ज्या हद्दीत येते तेच गाव, त्यामुळे दोन्ही एका फेरीत जोडता येतात. शेतातील करडईची फुले मात्र साधारण जुलैत असतात. ऑगस्टमध्ये ती टोप्यांवर कागदाचीच दिसतात.

७. फेब्रुवारीत एवढ्या थंडीत पाहण्यासारखे काय असते?

आमच्या मते तोहोकूचा खरा ऋतू हाच आहे. योकोतेत १५ आणि १६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी सुमारे तीन मीटर उंचीच्या बर्फाच्या घुमट्या उभारतात. प्रत्येक घुमटीत जलदेवतेचे ठाणे असते आणि आत बसलेली मुले येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलावून अमाझाके आणि भाजलेली मोची, म्हणजे चिकट तांदळाच्या वड्या, देतात. अमाझाके हे तांदळाचे गोड पेय आहे. तांदळाला कोजी ही बुरशी लावून केलेल्या अमाझाकेत मद्य नसते, मात्र मद्याच्या चोथ्यापासून केलेल्या प्रकारात थोडे असू शकते, म्हणून मुलांना देण्यापूर्वी विचारावे. हाचिनोहेत १७ ते २० फेब्रुवारीला एन्बुरी असतो. त्यात घोड्याच्या डोक्याच्या आकाराच्या भव्य टोप्या घातलेले नर्तक जमीन कसण्याच्या हालचाली करत भाताच्या सुगीसाठी प्रार्थना करतात. झाओच्या डोंगरावर जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत बर्फाने मढलेली झाडे, म्हणजे ज्युह्यो, दिसतात. गेल्या दशकात किडींच्या प्रादुर्भावाने तेथील देवदारवर्गीय झाडे मोठ्या प्रमाणावर वाळली आहेत आणि नवी रोपे लावण्याचे काम चालू आहे. जुन्या छायाचित्रांतील दाट रांगांची अपेक्षा ठेवून जाऊ नये.

८. आम्हाला फक्त मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी मिळते. त्या वेळी काय?

एप्रिलच्या उत्तरार्धात हिरोसाकीच्या किल्ल्यातील सुमारे २,६०० चेरीची झाडे फुलतात. हा सफरचंदांचा मुलूख असल्यामुळे सफरचंदाच्या छाटणीचे तंत्र तेथे चेरीलाही लावतात आणि म्हणूनच एकेका कळीच्या झुबक्यात फुले जास्त येतात. बहर ओसरल्यावर खंदकाचे पाणी पाकळ्यांनी झाकून जाते. आम्हाला ते दृश्य बहराहूनही अधिक आवडते. २९ एप्रिल ते ५ मे या जपानी सुट्ट्यांत गर्दी अतोनात असते, आणि ७-८ मेनंतर गेल्यास फुले बहुधा संपलेली असतात. दिवाळीची सुट्टी पानांच्या रंगांसाठी सोयीची आहे. आओमोरीजवळच्या हाक्कोदा पर्वताच्या उंचावर ऑक्टोबरच्या पूर्वार्धातच रंग चढतो, तर नारुकोच्या घळीत तो ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला असतो. दिवाळी उशिरा येणाऱ्या वर्षी नारुको निवडावे.

९. पहिल्यांदाच जाणाऱ्याने कोणते ओन्सेन निवडावे?

एकच नाव सांगायचे झाले तर न्यूतो. आकिताच्या डोंगरात, ताझावाको स्थानकाहून बसने सुमारे पाऊण ते एक तासावर, सात वेगवेगळी निवासगृहे आहेत आणि प्रत्येकाचे पाणी वेगळे आहे. मुक्कामी पाहुण्यांना सातही ठिकाणी स्नान करण्याचा एकत्रित पास घेता येतो. दुधट पाण्याचे आणि गवताने शाकारलेल्या जुन्या इमारतीचे त्सुरुनोयू सर्वांत प्रसिद्ध आहे, म्हणूनच तेथे खोली मिळणे सर्वांत कठीण असते. ती न मिळाल्यास शेजारच्या निवासगृहात राहून दिवसा तेथे जावे. कुरोयू हिवाळ्यात बंद असते.

आओमोरीजवळ सुमारे ९०० मीटर उंचीवर सुकायू आहे. तेथील ‘सहस्र जनांचे स्नानगृह’ हिबा लाकडाचे, प्रचंड मोठे आणि खांबाविना उभे आहे. १९५४ मध्ये आरोग्यवर्धक ओन्सेन म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळालेल्या पहिल्या स्थळांत त्याचा समावेश होता. तेथे २६ फेब्रुवारी २०१३ रोजी ५६६ सेंटिमीटर बर्फाची नोंद झाली. समुद्र हवा असेल तर आओमोरीच्या पश्चिम किनाऱ्यावरील फुरोफुशी येथे लाटांच्या अगदी काठाशी लोहयुक्त, गंजासारख्या तांबूस पाण्याचे कुंड आहे. मियागीतील नारुको पाण्याच्या प्रकारांतील विविधतेसाठी आणि कोकेशी या लाकडी बाहुल्यांसाठी ओळखले जाते.

नारुकोसारख्या ठिकाणी तोजीची पद्धत अजून टिकून आहे. भाताची कापणी आटोपली की शेतकरी कुटुंबे तांदूळ आणि भाजी बरोबर घेऊन आठ-आठ दिवस ओन्सेनला जाऊन राहत, स्वतः रांधत आणि दिवसातून दोन-तीनदा स्नान करत. स्वतः स्वयंपाक करता येईल अशा खोल्या काही निवासगृहांत आजही मिळतात, आणि शाकाहारी कुटुंबांनी त्यांचा विचार जरूर करावा (प्रश्न १४).

१०. गिन्झानला दिवसा जाऊन संध्याकाळचे दिवे पाहून परत येता येईल का?

हिवाळ्यात ते गृहीत धरू नये. गिन्झान हे पूर्वीच्या चांदीच्या खाणीवरून नाव पडलेले छोटे ओन्सेन आहे. नदीच्या दोन्ही काठांवर तीन-चार मजली लाकडी निवासगृहे आणि गॅसचे दिवे असल्यामुळे बर्फातील त्याची छायाचित्रे जगभर पोहोचली, आणि एवढ्याशा गल्लीला गर्दी पेलवेना. म्हणून २०२४ च्या डिसेंबरपासून मुक्कामी नसलेल्या पाहुण्यांच्या प्रवेशावर हिवाळी हंगामात, विशेषतः संध्याकाळी, निर्बंध घालण्यात आले. ओइशिदा स्थानकाहून बसने सुमारे ४० मिनिटे लागतात. खोली मिळाली नाही, तर हंगाम सोडून जूनमधील सकाळी जावे. तेव्हा गाव शांत असते.

११. खरेच सर्व कपडे काढावे लागतात का? आम्हाला ते जमणार नाही.

सार्वजनिक स्नानगृहात होय. पोहण्याचा पोशाख बहुतेक ठिकाणी चालत नाही. स्त्रिया आणि पुरुष यांची स्नानगृहे सामान्यतः वेगळी असतात. बाकावर बसून अंग आणि केस स्वच्छ धुतल्यावरच पाण्यात उतरायचे असते, लांब केस वर बांधायचे असतात आणि पंचा पाण्यात बुडवायचा नसतो. साबण पाण्यात जाणे हा तेथे मोठा अपराध मानतात. संकोच वाटत असेल तर ठरावीक वेळासाठी कुटुंबापुरते मिळणारे स्नानगृह (काशिकिरी-बुरो) घ्यावे किंवा फक्त पाय बुडवण्याचे आशियू वापरावे. संकोच वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यासाठी ओन्सेन पूर्णपणे टाळण्याचे कारण नाही.

अपवाद जुन्या डोंगरी ओन्सेनचा आहे. सुकायूचे मोठे स्नानगृह आणि त्सुरुनोयूचे उघडे कुंड यांत स्त्री-पुरुष एकत्र असतात. पाणी दुधट असल्यामुळे आत बसल्यावर काही दिसत नाही, तरीही कोणी अवघडून तेथे जाऊ नये. सुकायूत सकाळी आणि रात्री एकेक तास केवळ स्त्रियांसाठी राखलेला असतो, आणि दोन्ही ठिकाणी स्त्रियांसाठी वेगळी स्नानगृहेही आहेत. मासिक पाळीच्या दिवसांत सामायिक पाण्यात उतरू नये, हा नियम सर्वत्र आहे.

१२. हातावर मेंदी आहे किंवा आजीच्या हातावर गोंदण आहे. अडवतील का?

टॅटूला बंदी असलेल्या ठिकाणी दोन्हींविषयी गैरसमज होऊ शकतो. मेंदी काही दिवसांत जाणारा रंग आहे, हे आरक्षण करतानाच कळवावे, शक्यतो जपानीत लिहून. गोंदण लहान असेल, तर काही ठिकाणी त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी लावून आत सोडतात. खात्री हवी असेल तर कुटुंबापुरते स्नानगृह घ्यावे (प्रश्न ११).

१३. मंगळसूत्र आणि जोडवी काढावीच लागतात का?

चांदी अवश्य काढावी. गंधकयुक्त पाण्यातील आणि वाफेतील हायड्रोजन सल्फाइडमुळे जोडवी आणि पैंजण काही मिनिटांत काळे पडू शकतात. शुद्ध सोन्याला तसा धोका नाही, पण दागिन्यांच्या सोन्यात तांबे आणि चांदी मिसळलेली असते, त्यामुळे तेही झाकोळू शकते; आम्लधर्मी पाण्यात काळजी अधिक घ्यावी. मंगळसूत्र काढायचे नसेल, तर गंधकाचा वास नसलेले साधे क्षारयुक्त पाण्याचे ओन्सेन निवडावे.

१४. शाकाहारी जेवण मिळेल का?

मिळते, पण आपोआप नाही. भाज्या, सूप आणि सॉस यांच्या मुळाशी बहुधा वाळवलेल्या माशाचे दाशी (अर्काचे पाणी) असते. म्हणून ‘मांस-मासे नको’ एवढे पुरत नाही, ‘माशाचे दाशीही नको’ असे आरक्षणाच्या वेळीच सांगावे लागते. आकिताच्या प्रसिद्ध किरितान्पोचा, म्हणजे काठीवर भाजलेल्या भाताच्या नळकांड्यांचा, रस्सा कोंबडीचा असतो. लहान निवासगृहे असमर्थता कळवतात; तो नकार प्रामाणिकपणाचा असतो, त्यावर आग्रह धरू नये. सेंदाईची झुन्दा-मोची, म्हणजे कोवळ्या हिरव्या सोयाबीनच्या गोड वाटणात घोळवलेली मोची, बिनधास्त खावी. हागुरो पर्वतावरील सायकान या यात्रीनिवासात रानभाज्यांचे सात्त्विक शोजिन भोजन आधी सांगून मिळते.

१५. आकितातील तामागावा ओन्सेनच्या पाण्याने मोठे आजार बरे होतात, असे ऐकले आहे. आईला न्यावे का?

उपचारांच्या ऐवजी मुळीच नेऊ नये. हे पाणी कर्करोग किंवा अन्य गंभीर आजार बरा करते, असे सिद्ध झालेले नाही. लोक आशेने येतात, तापलेल्या खडकांवर चटई अंथरून पडून राहतात. त्यांच्या आशेचा आदर राखूनही हे स्पष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. तामागावाचा उगम ९८ अंश तापमानाचा आहे, मिनिटाला सुमारे ९,००० लिटर पाणी देतो आणि त्याची आम्लता सुमारे १.२ पीएच, म्हणजे लिंबाच्या रसाहूनही तीव्र आहे. म्हणून तेथे अर्ध्या तीव्रतेचे कुंडही ठेवलेले असते. जखम किंवा नाजूक त्वचा असलेल्यांनी उतरू नये, पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि नंतर अंग साध्या पाण्याने धुवावे.

या पाण्याची ताकद किती, हे ताझावा सरोवराने सोसले आहे. १९४० मध्ये वीजनिर्मिती आणि सिंचन यांसाठी तामागावा नदीचे आम्ल पाणी ४२३.४ मीटर खोलीच्या, जपानमधील सर्वांत खोल, सरोवरात वळवले गेले आणि तेथील कुनिमासू हा मासा नाहीसा झाला. तो संपला असे धरले असताना २०१० मध्ये यामानाशीतील साइको सरोवरात सापडला, कारण पूर्वी त्याची अंडी तिकडे पाठवलेली होती. पाण्याची आम्लता कमी करणारा प्रकल्प आता चालू आहे, तरीही तो मासा अजून ताझावात परतू शकलेला नाही.

१६. रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर?

अनियंत्रित रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. हिवाळ्यात गार खोलीतून ४२ अंशांच्या पाण्यात एकदम उतरणे धोक्याचे असते; प्रथम अंगावर पाणी घ्यावे, पाच मिनिटांत बाहेर यावे, भरपूर पाणी प्यावे आणि मद्यपानानंतर उतरू नये. गर्भवतींना ओन्सेन वर्ज्य असल्याची सरसकट सूचना जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१४ मध्ये काढून टाकली. तरी निसरडी फरशी आणि अतिगरम पाणी यांपासून जपावे.

१७. गंधकाचा वास येतो तिथे खरेच धोका असतो का?

नेहमीच्या हवेशीर स्नानगृहात नसतो. वायू साचणाऱ्या खोलगट जागी मात्र तो जीवघेणा ठरतो, कारण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड आहे आणि प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वासही येईनासा होतो. डिसेंबर २००५ मध्ये आकितातील दोरोयू ओन्सेनजवळ बर्फात पडलेल्या पोकळीत साचलेल्या वायूने एका कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला. प्रवेशबंदीची दोरी ओलांडू नये आणि मुलांना बर्फातील खड्ड्यांत खेळू देऊ नये.

१८. आकितातील ओगा येथे घरात शिरणारे नामाहागे पाहुण्यांना पाहता येतात का?

३१ डिसेंबरच्या रात्री मुखवटे आणि गवती अंगरखे घातलेले नामाहागे घरोघरी जातात, रडणाऱ्या आणि आळशी मुलांची चौकशी करतात आणि घराला आशीर्वाद देऊन निघतात. हा कुटुंबांचा खासगी विधी आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने जपानमधील अशा दहा विधींची एकत्रित नोंद केली, तरी त्यामुळे तो प्रेक्षकांचा कार्यक्रम झालेला नाही. पाहुण्यांसाठी शिन्झान देवळापाशी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस भरणारा सेदो उत्सव आहे, आणि जवळच्या संग्रहालयालगत वर्षभर प्रात्यक्षिकही दाखवतात. लहान मुले खरोखर घाबरतात, हे लक्षात ठेवावे.

१९. देवस्थान आणि गरम पाणी एकाच ठिकाणी असे कुठे आहे का?

यामागातातील देवा-सान्झान या तीन पवित्र पर्वतांपैकी युदोनो येथे आहे. तेथे मंदिराची इमारत नाही. पादत्राणे काढून, शुद्धीकरणाचा विधी करून अनवाणी पुढे जायचे असते, आणि छायाचित्र घेण्यास सक्त मनाई आहे. हिवाळ्यात मार्ग बर्फाने बंद असतो. साधारण एप्रिलअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत जाता येते. आत जे पाहिले ते बाहेर सांगू नये आणि दुसऱ्याला विचारू नये, अशी तेथील जुनी मर्यादा आहे. म्हणून तळपायांना गरम पाणी लागते, एवढेच आम्ही येथे लिहितो.